बिनखिडक्यांचे प्रार्थनामंदिर

एकत्र कुटुंबातील देवघर वरवर पाहणारास एका देवाचे घर वाटते, परंतु वस्तुतः तो अनेक देवांचा संसार असतो. कुलस्वामिनीचा टाक, आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेला शाळिग्राम, कोणा काकांनी काशीयात्रेहून आणलेले शिवलिंग, आणि प्रत्येक सुनेने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा व बाळकृष्ण, ही सर्व मंडळी एकाच ताम्हनात स्नान करतात व एकाच देव्हाऱ्यात बसतात. मध्ये कोणी बसावयाचे, हा प्रश्न मात्र जुना आहे. आपल्या पूर्वजांनी त्यावर पंचायतनाची युक्ती योजिली. शिव, विष्णू, देवी, गणपती व सूर्य ही पाच दैवते. ज्या घराचे जे इष्ट दैवत ते मध्यभागी आणि उरलेली चार चहूं दिशांच्या कोनांत. शेजारच्या घरी गेल्यास मध्यभाग बदललेला दिसेल, परंतु पाचांपैकी कोणासही देव्हाऱ्याबाहेर जावे लागलेले दिसणार नाही.

ही युक्ती एका धर्माच्या चौकटीत सुलभ आहे. परंतु जेथे ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान, हिंदू, बौद्ध आणि कोणताच धर्म न मानणारे तरुण एकाच आवारात राहतात, एकाच भोजनगृहात जेवतात व एकाच परीक्षेस बसतात, तेथे देवघर कसे मांडावयाचे? अमेरिकेतील विद्यापीठांपुढे हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या निकडीने उभा राहिला. त्याची दोन अगदी निराळी उत्तरे बोस्टन शहराच्या आसपास, एकमेकांपासून थोड्या मैलांच्या अंतरावर आणि एकाच वर्षी, म्हणजे १९५५ मध्ये, विटांत बांधली गेली. दोन्ही स्थळे एका दिवसात सहज पाहून होतात, आणि दोन्ही लागोपाठ पाहण्यातच खरे स्वारस्य आहे.

बोस्टनकडून चार्ल्स नदी ओलांडून निघावे. पुलाचे नाव हार्वर्ड पूल असले तरी तो प्रवाशास पोचवितो तो हार्वर्डच्या नव्हे, तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम. आय. टी., या यंत्रविद्येच्या माहेरघराच्या दारी. संस्थेचे नाव आपल्याकडे नवे नाही. पुण्याचे केशव मल्हार भट यांनी १८८२ मध्ये तेथे प्रवेश घेतला, आणि तेथे शिकावयास गेलेले ते पहिले भारतीय विद्यार्थी समजले जातात. त्या काळी संस्था नदीच्या अलीकडे बोस्टनमध्येच होती. केंब्रिजच्या तीरावरील तिचा संसार १९१६ पासूनचा. रस्त्याच्या एका अंगास खांबांची व घुमटाची भव्य मुख्य इमारत उभी आहे. तिच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर पाहिले, की रस्त्यापलीकडे हिरवळ दिसते, त्या हिरवळीवर काँक्रीटच्या पातळ कवचाचे, केवळ तीन टोकांवर टेकलेले क्रेसगी सभागृह दिसते, आणि त्याच्याजवळ भूर्जवृक्षांच्या आड विटांचा एक साधा गोल बुरूज दिसतो. हेच ते प्रार्थनामंदिर. त्यास खिडकी नाही, नक्षी नाही, भिंतीवर कोणत्याही धर्माचे चिन्ह नाही. व्यास सुमारे ५० फूट, उंची सुमारे ३३ फूट. ठाऊक नसलेल्या मनुष्यास ती पाण्याची टाकी वाटली तर त्याचा दोष नाही.

यंत्रशास्त्र शिकविणाऱ्या संस्थेस प्रार्थनामंदिराची गरज का भासावी? या प्रश्नाचे उत्तर युद्धात आहे. युद्धकाळात याच आवारात रडारविषयीचे संशोधन फार मोठ्या प्रमाणावर चालले. युद्ध जिंकण्यात विज्ञानाचा वाटा किती मोठा, हे येथील लोकांइतके दुसरे कोण जाणणार? परंतु १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी यांचे जे झाले, त्यानंतर नुसते कुशल अभियंते निर्माण करणे पुरेसे आहे काय, हा विचार तेथील अध्यापकांस सोडीना. रसायन-अभियांत्रिकीचे अध्यापक वॉरेन लुईस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने १९४९ मध्ये दिलेल्या अहवालात मानव्यविद्यांस संस्थेत मानाचे स्थान देण्याची शिफारस केली, आणि १९५० मध्ये त्या विद्यांची स्वतंत्र शाखा सुरू झाली. विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबरच त्याच्या सहजीवनाची व अंतःकरणाचीही सोय पाहिली पाहिजे, असे वारे तेव्हा वाहत होते. व्यापारी क्रेसगी यांच्या धर्मादाय निधीने द्रव्य दिले, आणि सभागृह व प्रार्थनामंदिर या दोन्ही इमारतींचे काम एरो सारिनेन यांजकडे आले.

सारिनेन हे जन्माने फिनलंडचे. १९१० मध्ये जन्मलेले हे गृहस्थ बालपणीच पित्याबरोबर अमेरिकेत आले व तेथील अग्रगण्य स्थापत्यविशारद झाले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यापुढील कोडे असे होते: ज्या खोलीत प्रत्येक धर्माचा मनुष्य येणार, तेथे चिन्ह कोणते ठेवावयाचे? क्रूस ठेवला तर यहुद्याचे मन दुखावते. सर्वच चिन्हे ओळीने मांडली तर देवघराचे वस्तुसंग्रहालय होते. काहीच न ठेवले तर प्रार्थनामंदिर व कोठार यांत भेद तो काय राहिला? तरुणपणी ग्रीस देशात स्पार्टाजवळच्या एका डोंगरी खेड्यात त्यांनी एक रात्र पाहिली होती. डोक्यावर स्वच्छ चांदणे व क्षितिजाच्या कडेने सर्वत्र दुसरा एक मंद, मुका प्रकाश, असा तो देखावा त्यांच्या स्मरणात राहिला होता. त्यांनी चिन्हाच्या जागी तो प्रकाशच आणावयाचे ठरविले. चांदणे कोणत्याच पंथाचे नाही, आणि ते पाहून गप्प होण्यासाठी कोणास दीक्षा घ्यावी लागत नाही.

आता आत जावे. बुरुजाभोवती उथळ पाण्याचा खंदक आहे, आणि बुरूज त्या पाण्यात लहानमोठ्या कमानींवर उभा आहे. काचेच्या भिंतींच्या एका अरुंद बोळातून खंदकावरून आत जाण्याची वाट आहे. बाहेरच्या उजेडातून येणाऱ्यास प्रथम काहीच दिसत नाही. मग हळूहळू डोळे निवळतात. समोर वर्तुळाकार पायऱ्यांवर पांढऱ्या संगमरवराची एक साधी चौकोनी वेदी, तिच्या बरोबर वर छतात एक गोल झरोका, आणि त्या झरोक्यापासून वेदीच्या मागे खाली ओघळणारी बारीक तारांची व धातूच्या लहान लहान पत्र्यांची झालर. ही झालर हॅरी बर्टोइया या शिल्पकाराची. वरून ऊन येते तेव्हा प्रत्येक पत्रा निराळ्या कोनातून चमकतो, आणि पाऊस पडता पडता मध्येच थांबून राहावा तसे दिसते. आतील भिंत बाहेरच्यासारखी सरळ गोल नाही. ती लाटांप्रमाणे वळत जाते. तिच्या पायथ्याशी असलेल्या फटींतून खंदकाच्या पाण्यावरचा प्रकाश परावर्तन पावून आत येतो व विटांवर थरथरतो. विटाही मुद्दाम खडबडीत व वेड्यावाकड्या निवडलेल्या आहेत. आपल्याकडे गाभाऱ्यात समईच्या उजेडात जो अंधार शिल्लक राहतो, त्याचे मोल ज्यास ठाऊक आहे, त्यास ही खोली परकी वाटणार नाही.

गोल भिंतीत आणखी एक सोय आपोआप साधली आहे. आपण पूर्वेकडे तोंड करून संध्या करतो. यहुदी जेरुसलेमकडे वळतात. आणि बोस्टनहून मक्केची दिशा ईशान्येकडे येते. चौकोनी खोलीत एक भिंत श्रेष्ठ ठरते व दुसऱ्याने तिरपे बसावे लागते. वर्तुळास कोपरा नसल्यामुळे तेथे कोणीच तिरपा बसत नाही.

इतके असूनही ही खोली पूर्णपणे निःपक्षपाती आहे, असे म्हणवत नाही. मध्यभागी वेदी आहे, बाके त्या वेदीकडे तोंड करून आहेत, सूर धरावयास ऑर्गन आहे, छपरावर थिओडोर रोझाक यांनी घडविलेला अॅल्युमिनियमचा निमुळता घंटामनोरा आहे, आणि त्यातील घंटा संस्थेच्याच धातुशाळेत ओतलेली आहे. क्रूस काढला तरी गिरिजाघराचे व्याकरण तसेच राहिले. नमाज पढावयाचा तर बाकांची अडचण. सत्यनारायण मांडावयाचा तर चौरंग कोठे ठेवावा, हा प्रश्न. यजमानाने कितीही मनापासून घर मोकळे करून दिले तरी उंबऱ्याची उंची त्याच्याच सवयीची असते. हा दोष म्हणून सांगत नाही. १९५५ च्या अमेरिकेत 'सर्व धर्म' म्हणजे बहुधा प्रॉटेस्टंट, कॅथलिक व यहुदी हे तीनच डोळ्यांपुढे असत. आशियातून विद्यार्थ्यांचे मोठे प्रवाह तिकडे गेले ते १९६५ मध्ये तेथील वसाहतीचे कायदे पालटल्यानंतर.

मग ही वास्तू सर्वांची कशी झाली? ती झाली वहिवाटीने. येथे जो तो आपापले पूजासाहित्य घेऊन येतो, आपल्या वेळेपुरते मांडतो आणि उठताना उचलून नेतो. पुढच्या मंडळीस वेदी रिकामी मिळाली पाहिजे, हा येथला मोठा नियम. आणि जे या खोलीत मावत नाही त्यासाठी जवळच डब्ल्यू ११ या क्रमांकाची दुसरी इमारत आहे. तेथे निरनिराळ्या धर्मांचे उपदेशक बसतात, मुसलमान विद्यार्थ्यांसाठी नमाजाची निराळी खोली आहे, आणि यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे पाळावयाचे स्वतंत्र स्वयंपाकघर आहे. ज्या घरात सोवळ्याचा स्वयंपाक चाले त्या घरातील आजीबाईंस हे चटकन समजेल: एकत्र बसून डोळे मिटणे सोपे, एका चुलीवर रांधणे कठीण! तेथील लोकांनी कठीण गोष्ट सोपी असल्याचे सोंग केले नाही. जे एकत्र होण्यासारखे होते ते एकत्र ठेवले आणि जे निराळे हवे त्यास निराळी जागा दिली. हिंदू विद्यार्थ्यांसही मार्गदर्शक लाभले; रामकृष्ण परंपरेतील संन्यासी स्वामी त्यागानंद यांनी हार्वर्ड व एम. आय. टी. या दोन्ही ठिकाणी ते काम केले आहे.

आता तेथून पश्चिमेस वॉल्थम गावी जावे. ब्रँडाइस विद्यापीठ येथेच आहे. याची जन्मकथा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अनेक नामांकित विद्यापीठांत यहुदी विद्यार्थ्यांस ठराविक संख्येपलीकडे घेत नसत. गुण असूनही दार बंद, असा तो अनुभव. त्या समाजाने १९४८ मध्ये स्वतःच्या द्रव्याने हे विद्यापीठ स्थापिले, त्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांचे नाव दिले, आणि ते सर्व धर्मांच्या व वर्णांच्या विद्यार्थ्यांस खुले ठेवले. पुढे प्रार्थनास्थळाचा प्रश्न निघाला. आपल्या पैशाने उभ्या केलेल्या आवारात आपले एक मंदिर बांधून इतरांस पाहुणे म्हणून बोलाविणे त्यांस सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. एका लहान तळ्याभोवती त्यांनी तीन मंदिरे बांधविली: यहुद्यांचे, कॅथलिकांचे व प्रॉटेस्टंटांचे. मॅक्स अब्रामोविट्झ या स्थापत्यविशारदाने त्यांची जागा व उंची अशा बेताने योजिली, की कोणत्याही एका मंदिराची सावली दुसऱ्यावर पडू नये. प्रॉटेस्टंटांच्या मंदिरास न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे नाव आहे. १८९६ मध्ये, गोऱ्याकाळ्यांस आगगाडीत निरनिराळे बसविणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, तेव्हा एकट्याने विरुद्ध मत नोंदविणारे ते हेच हार्लन.

सावली न पडू देण्याची ही कल्पना मनास फार भिडते. ज्यांनी दुसऱ्याच्या मोठ्या इमारतीच्या सावलीत दिवस काढले, त्यांसच ती सुचावी! वेगळे राहूनही भाऊ प्रेमाने राहू शकतात, वाटणी झाली म्हणजे वैर आलेच असे नाही, हे ही तीन मंदिरे सांगतात. परंतु या व्यवस्थेसही मर्यादा आहे. तीन भावांची वाटणी झाली आणि चौथा मागाहून आला, तर त्यास कोणता हिस्सा द्यावयाचा? तळ्याभोवतीच्या मूळ आराखड्यात मुसलमानास, हिंदूस वा बौद्धास जागा नव्हती. केंब्रिजच्या एकुलत्या एक रिकाम्या खोलीने मात्र, पुढे येणाऱ्या ज्या लोकांची तिच्या रचणारासही कल्पना नव्हती, त्यांस सामावून घेतले. म्हणजे एका ठिकाणी प्रत्येकास स्वतःचे घर आहे, परंतु नव्या पाहुण्यास जागा नाही. दुसऱ्या ठिकाणी सर्वांस जागा आहे, परंतु कोणासही तेथे आपला देव रात्रभर ठेवता येत नाही. यांपैकी कोणते बरे, हे प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवावे. कॉर्नेल विद्यापीठातील अॅनाबेल टेलर भवनात तिसरीही एक युक्ती आढळते. तेथील वेदीच फिरती आहे. ज्या पंथाची प्रार्थना असेल त्याची बाजू पुढे फिरवून घ्यावयाची. यंत्रयुगातील पंचायतनच म्हणावयाचे!

अशा रिकाम्या देवघराचा प्रयोग प्रथम अमेरिकेने केला, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने मूर्तीवाचून उपासना सुरू केली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे विद्वान त्या उपासनेस बसत. बंगालमध्ये महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी शांतिनिकेतनासाठी १८८८ मध्ये जो विश्वस्तलेख केला, त्यात तेथे एका निराकार ईश्वराची उपासना व्हावी, कोणतीही मूर्ती पुजली जाऊ नये, आणि कोणत्याही धर्माच्या उपास्याची निंदा होऊ नये, असे लिहून ठेवले. १८९१ मध्ये तेथे रंगीत काचांचे उपासनागृह उभे राहिले. पुढे १९२१ मध्ये याच भूमीवर विश्वभारती विद्यापीठ झाले. तेथे बुधवारी सकाळी उपासना होते, आणि नाताळही पाळला जातो. केंब्रिजचे मंदिर बिनखिडक्यांचे, तर शांतिनिकेतनाचे सारेच काचेचे. एकाने बाहेरचे जग दूर ठेवून सर्वांस एकत्र बसविले, दुसऱ्याने झाडे, ऊन व आकाश यांनाच आत घेतले. दोन्ही ठिकाणी मधली जागा मात्र रिकामीच ठेविली आहे.

हे सर्व पाहून झाल्यावर एक विचार मनात राहतो, आणि तो मूर्तीविषयी नसून दाराविषयी आहे. आपल्या पंचायतनात पाच देव गुण्यागोविंदाने नांदले हे खरे. परंतु त्यांच्या दर्शनास कोणी यावे व कोणी येऊ नये, याचा निर्णय आपण फार कठोरपणाने केला होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून १९३० मध्ये डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला, आणि तरीही दार उघडले नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. देव्हाऱ्यात पाच दैवतांची सोय करणारी आपली बुद्धी उंबऱ्यापाशी येऊन का थबकली, हा प्रश्न वॉल्थमच्या तळ्याकाठी उभे राहिल्यावर विशेषच बोचतो. ज्यांस दार बंद होते त्यांनी तेथे आपले आवार उभारले व पहिल्या काही वर्षांतच दुसऱ्यांसाठी देवळे बांधविली. देवघर सर्वांचे करावयाचे तर मधल्या मूर्तीचा वाद मागाहून मिटविता येतो. दार कोणासाठी उघडे आहे, हे मात्र पायाचा दगड बसविण्यापूर्वीच ठरवावे लागते.

हल्ली आपल्यांपैकी पुष्कळ घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी बोस्टनकडे जातात, आणि त्यांस भेटावयास आईवडीलही जातात. अशा मंडळींनी मोठमोठी ग्रंथालये व संग्रहालये जरूर पाहावीत; परंतु एखादी सकाळ या विटांच्या बुरुजासाठी राखून ठेवावी. ऊन असेल असा दिवस निवडावा. कोणाची उपासना चालू असेल तर बाहेर भूर्जवृक्षांखाली थांबावे. आपली पाळी येते. आत गेल्यावर डोळे अंधारास सरावेपर्यंत तरी बसून राहावे, घाईने उठू नये. शेजारच्या बाकावरील मनुष्य कोणाचे नाव घेत आहे हे आपणांस कळणार नाही, आणि आपण कोणाचे घेत आहो हे त्यास कळणार नाही. उठताना सोबत आणलेले फूल वा पुस्तक आठवणीने परत घ्यावे. पुढे येणारास जागा रिकामी ठेवणे, एवढीच तेथील दक्षिणा आहे.